वजनाला वजन

३ मार्च, सोमवार

पुन्हा लचक भरली! सासूबाईंना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवत होते, कमरेत कट्‌ झालं, आणि खुर्चीत बसायच्या त्या राहिल्या बाजूला — मीच त्यांच्या शेजारी आडवी! दोघी छताकडे बघत पडून राहिलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलीस. एकटीला कंटाळा येतो."

हसले. हसल्यावर आणखी दुखलं.

खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंसुद्धा. डॉक्टर म्हणतात, आता उठून उभ्या राहिल्या नाहीत तर पुढे कधीच राहणार नाहीत. पटलं. पण उठवायचं कोणी? नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. मी ही एवढीशी. आणि सासूबाई म्हणजे चांगल्या भरभक्कम! धरून उठवायला गेलं की आम्ही दोघीही खाली बसतो.

संध्याकाळी वन्संचा फोन. माझ्या कमरेचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. नवऱ्याच्या पोटात काही राहील तर शपथ! "वहिनी, तू स्वतःला पैलवान समजतेस का? आईला वृद्धांच्या संस्थेत ठेवू या. तिथे उचलायला माणसं असतात." मी म्हटलं, त्यांना नाही जायचं. "मग थिएटरची नोकरी सोड आणि दिवसभर घरी बस." वा रे वा! लग्नाआधीपासून कपडेपट सांभाळतेय मी. राजाचा अंगरखा उसवला तर राजा आधी माझ्याकडे धावतो. सोड म्हणे!

भांडून भांडून शेवटी एवढं ठरलं: वन्सं एप्रिलच्या मध्यावर येणार. तोवर आई स्वतःच्या पायांवर उठून उभी राहिली तर राहील इथे. नाहीतर त्या घेऊन जाणार. फोन स्पीकरवर होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं. सासूबाईंनी अक्षर न् अक्षर ऐकलं. रात्री जेवल्या अर्धंच.

४ मार्च, मंगळवार

कमरेला पट्टा. तोंडाला कुलूप. आज लिहायला काही नाही.

६ मार्च, गुरुवार

डोक्यात लख्ख उजेड पडला!! दोन उद्गारचिन्हं कमीच आहेत.

नव्या नाटकाची सीनरी चढवत होते. राजवाडा रंगवलेला भलाथोरला पडदा, त्याला जाड लाकडी चौकट. कितीही जण चिकटले असते तरी डोक्यावर उचलला नसता. आणि आमचे दोरीमामा! पडदे वरखाली करायचं काम त्यांचं, म्हणून सगळे दोरीमामाच म्हणतात. अंगाने काडीपैलवान. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने दोरी ओढताहेत. राजवाडा सुरसुर वर! वर छताला कप्पी, कप्पीवरून दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. राजवाडा वर जाईल तशी पिशवी खाली.

हे मी आयुष्यभर बघत आले. पण आज कमरेत कळ होती, म्हणून दिसलं.

मी विचारलं, "मामा, तुमच्या सासूबाई वजनाने कशा होत्या?"

"का गं? वर पाठवायचीय का तिला? ती तर केव्हाच गेली."

मग मी सगळं सांगितलं. मामांनी चहा संपवला, कप विंगेत ठेवला. म्हणाले, "सोपं आहे. वजनाला वजन द्यायचं. आपण नुसती दोरी धरायची."

वजनाला वजन! घरी येताना रस्त्याने हेच पुटपुटत आले. फळवाल्याला वाटलं मी त्याच्या तराजूवर संशय घेतेय.

८ मार्च, शनिवार

नवरा आला. पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, आधी ट्रकमधला जॅक काढ.

आमचा पलंग बुटका. इतक्या खालून उठायचं म्हणजे धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ येतात. पलंगाच्या पायांखाली विटा घालायच्या तर पलंग उचलायला हवा, आणि सासूबाई म्हणाल्या, "मी उतरणार नाही. तुमचं काय ते माझ्यासकट करा." म्हातारी हटून बसली की बसली!

जॅक पलंगाखाली. मी दांडा फिरवायला घेतला. नवरा म्हणाला, "सरक, तुला नाही जमणार." मी म्हटलं, तू विटा धर. दांडा गोल गोल फिरवायचा, बास, एवढंच. मळसूत्राचा एकेक आटा वर चढतोय, आणि त्याबरोबर पलंग, गादी, उशा, चष्म्याची डबी आणि सासूबाई — सगळा संसार वर चाललाय! आणि माझ्या कमरेला पत्तासुद्धा नाही! अख्खा ट्रक उचलणारा जॅक तो, पलंगाला काय दाद देणार!

"अगं बाई, घर खाली चाललंय की मी वर?" सासूबाईंनी विचारलं.

चारी पायांखाली विटा. आता त्यांचे पाय जमिनीला नीट टेकतात आणि गुडघे पोटात जात नाहीत. आज मी जग जिंकलं.

९ मार्च, रविवार

आजही जिंकलं.

कप्पी पलंगालगत, उठून उभं राहायच्या जागेच्या बरोब्बर वर हवी. तिथे छताला लोखंडी तुळई आहे, पण खाली माझं कपाट. सासरी आले तेव्हापासून ते तिथून हललेलं नाही. नवरा खांदा लावून ढकलायला लागला. लाल झाला, घामाघूम झाला, कपाट ढिम्म. मी शेजारणीकडून पहार आणली, वीट टेकवली, पहारीचं टोक कपाटाखाली आणि दुसऱ्या टोकावर मी बसले. नुसती बसले हो! कपाटाने लगेच पाय उचलला. खाली नळाचे जुने तुकडे सारले आणि कपाट त्यांच्यावरून गडगडत गेलं कोपऱ्यात.

नवरा म्हणाला, "हे आधी सांगायचं ना."

"आधी तू विचारायचं ना."

दुपारी मामा आले. कप्पी, दोरी, वाळूची गोणी, कॅनव्हासची जाड पिशवी आणि पट्टा घेऊन. पट्टा बालनाट्यातला, परीला उडवायचा! छातीखालून आणि मांड्यांखालून येतो, झोळीसारखा. मी कापड लावून रुंद केला. आमची परी जरा मोठी आहे. मामांनी तुळईला कप्पी अडकवली आणि नवऱ्याला दोरीला लोंबकळायला लावलं. तुळई हूं की चूं करेना. नवरा मात्र वटवाघळासारखा लोंबत होता. सासूबाई पोट धरून हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच!

१० मार्च, सोमवार

हसल्या खऱ्या. पण पट्टा घालायचं नाव काढलं तर साफ नाही!

"मला विहिरीतल्या बादलीसारखं काढणार काय? शेजारीपाजारी बघतील. नको मला."

समजावलं. विनवलं. मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि बोलून गेले, "मग लावू का वन्संना फोन? बांधू का बोचकं?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बोलायला नको होतं. तोंडाला माझ्या दोरी बांधायला हवी.

मग सुचलं. पट्टा मी स्वतःच घातला. मामा आज पुन्हा आले होते, त्यांनी पिशवीत माझ्या मापाची वाळू भरली. दोरी सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हटलं, उचला मला.

"मी? माझ्याने उशी उचलत नाही."

"ओढून तर बघा."

त्यांनी अशी ओढली, मोरीतल्या दिव्याची दोरी ओढावी तशी. आणि मी वर! पाय जमिनीपासून सुटले! सासूबाईंचे डोळे एवढे मोठे झाले. पुन्हा खाली सोडलं, पुन्हा वर घेतलं. मग चटकच लागली. मी आपली वरखाली, वरखाली.

"काही वजनच नाही गं तुला," म्हणाल्या. "जेवतेस की नाही?"

"वजन आहे हो. पिशवीने घेतलंय."

मग म्हणाल्या, "आण तो पट्टा. पण पिशवी माझ्या डोळ्यांसमोर नको. फाशीची तयारी चाललीय असं वाटतं."

पिशवी उशाशी भिंतीला लागून लोंबते. तिच्यापुढे मी जुन्या मखमली पडद्याचा तुकडा टांगला. आता पट्टा-दोरी इकडे, वाळू पडद्यामागे. एकदम नाटकासारखं.

१२ मार्च, बुधवार

व्यायामाच्या बाई आल्या, त्या आठवड्यातून दोनदा येतात. मला वाटलं ओरडणार. त्यांनी पट्टा ओढून बघितला, दोरीची गाठ बघितली, तुळई बघितली, आणि म्हणाल्या, "हॉस्पिटलात असंच असतं, फक्त त्याला चकचकीत रंग असतो."

मग समजावून सांगितलं. वजनाचा काही भाग पिशवीने घ्यायचा, उरलेला आजींच्या पायांनी. पाय सुधारतील तशी एकेक वाटी वाळू काढायची. "घाई नको. आणि कुणी जवळ असल्याशिवाय अजिबात नको." मी मान डोलावली. सासूबाईंनीही डोलावली. फार गुणी बाळासारखी डोलावली!

१५ मार्च, शनिवार

अरे देवा! सासूबाई उडाल्या!!

झालं असं. मामा स्वतः पिशवी भरायला आले. बाईंनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मला नको शिकवू, जन्म गेला यात." भरली. सासूबाईंना पट्टा घातला. पट्ट्यात बसून त्या मला विचारतात, "तिसरी घंटा झाली का?" मी म्हटलं, झाली. मामांनी दोरीचा अडसर सोडला — आणि आमच्या सासूबाई सुरसुर वर! दोन्ही पाय जमिनीपासून चांगले वीतभर उंच! मी किंचाळले. मामा "अरे अरे" करत पिशवी वर उचलायला धावले.

मामांच्या हाताला पडद्याची सवय. पडद्याची पिशवी नेहमी पडद्यापेक्षा किंचित जड भरायची, म्हणजे सोडली की पडदा आपोआप वर जातो. त्यांनी आमच्या परीलाही तसंच भरलं! पडदे उचलणाऱ्याशिवाय ही चूक कुणी करणार नाही.

खाली उतरवलं. सासूबाई डोळे मिटून बसलेल्या. मी म्हटलं, संपलं, आता पट्ट्याला हात लावणार नाहीत. त्यांनी एक डोळा उघडला.

"खिडकीबाहेरचं दिसलं," म्हणाल्या. "किती दिवसांनी. माझ्या कुंड्या वाळल्यात की गं!"

मग आम्ही तिघंही इतके हसलो की शेजारीण बघायला आली.

१६ मार्च, रविवार

उभ्या राहिल्या!

वाळू कमी केली. पट्टा, दोरी, तिसरी घंटा. मी फक्त दोरीला हात लावून उभी. सासूबाई पुढे वाकल्या, पाय रोवले, पडद्यामागे पिशवी धप्प करून जमिनीला लागली आणि त्या उभ्या! चेहरा माझ्या चेहऱ्यापेक्षा उंच. विसरलेच होते मी, त्या माझ्याहून उंच आहेत.

माझी कमर? काही नाही! ना कळ, ना कट्‌.

नवऱ्याला फोन केला. कुठल्या तरी ढाब्यावर होता. बोलेना. मग समजलं, रडत होता गाढव.

१९ मार्च, बुधवार

एक वाटी वाळू कमी. जमलं. काढलेली वाळू बादलीत टाकली. सासूबाई म्हणाल्या, "फेकू नकोस, माझ्या कुंड्यांत घाल. माती दगड झालीय. वाळू घातली की भुसभुशीत होते." घालते म्हटलं. मेला वेळ कुठेय!

२२ मार्च, शनिवार

आणखी वाटीभर कमी. आणि आज मोरी सर केली! दाराशी ती उंच पायरी, तिच्यावरून चाकाची खुर्ची उचलून नेताना जीव जायचा. आता लाकडी फळी तिरपी टाकली की खुर्ची एका हाताने वर. उतरताना घरंगळू नये म्हणून चाकाखाली लाकडाची पाचर. वन्सं आमच्या प्रत्येक बेतात पाचर मारतात, तिचा उपयोग हा असा!

माझं डोकं आता कुठे म्हणून थांबत नाही. जिना बघितला की कप्पी दिसते. थिएटरात पेट्या उचलायच्या सोडून फळीवरून घसरवायला लावल्या. मामा म्हणतात, "हिच्या अंगात आलंय."

२५ मार्च, मंगळवार

तालमीतलं फाटकं शिवायला घरी आणलं. सासूबाईंचा हा आवडता वेळ. चिंध्यांची टोपली मांडीवर घेऊन रंगांप्रमाणे लावतात आणि मला नाटकातलं विचारतात. आज विचारलं, "त्या राक्षसाने एवढा मोठा धोंडा उचलला कसा?" मी म्हटलं, आई, रंगमंचावरचा धोंडा कापसाचा असतो. आत कापूस, चिंध्या, वरून रंग.

"आणि लोक फसतात?"

"उचलणारा नीट कण्हला की फसतात."

फार आवडलं त्यांना. किती तरी वेळ स्वतःशीच हसत होत्या.

२८ मार्च, शुक्रवार

आज नाही जमलं.

वाटीभर वाळू काढली आणि त्या उठता उठता मागे बसल्या. पुन्हा. पुन्हा मागे. पाय थरथरायला लागले. वाळू परत घातली तेव्हा कुठे उभ्या राहिल्या. पिशवी अजून अर्धी भरलेली आहे.

३० मार्च, रविवार

आजही तेच. अर्ध्या पिशवीवर घोडं अडलंय.

मी म्हटलं, पुन्हा एकदा करू. त्या म्हणाल्या, "पुरे." मी म्हटलं, दिवस कमी आहेत आई, वन्सं येतील. तर माझ्यावरच खेकसल्या, "माझे पाय आहेत, तुझी दोरी नाही!" मीही काही कमी बोलले नाही. भांडी आदळत आवरली.

मला नाही जाऊ द्यायचं त्यांना. बास. हेच खरं आहे. दिवसभर भांडतो आम्ही, पण घरात दुसरा आवाज नसेल तर मी कुणाशी भांडू? भिंतीशी?

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी त्यांनी स्वतः हाक मारली. "हे बघ. ती पिशवी आहे तशी राहू दे. आता तू तिला हात लावायचा नाहीस. कमी नाही, जास्त नाही, पडदासुद्धा सारायचा नाही. मला दडपण येतं. शपथ घे."

घेतली. काय करणार! हात टेकले मी.

४ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळचा प्रयोग करून आले तर चाकाची खुर्ची भलतीकडेच. मी नसताना शेजारीण डोकावून जाते, ती खुर्ची कुठेही सोडून जाते! कुंड्यांना मात्र पाणी घातलं होतं तिने. म्हणून काही बोलले नाही.

७ एप्रिल, सोमवार

कप्पीला तेल दिलं. काय फरक पडला! पूर्वी पिशवी धप्प करून आपटायची, आता आवाजसुद्धा नाही. अलगद येते खाली. तेलाचा गुण! मामांना सांगितलं पाहिजे.

सासूबाई उभ्या राहतात, पण पूर्वीपेक्षा जास्त कण्हतात. हे काही बरं लक्षण नाही.

९ एप्रिल, बुधवार

शिवायला बसले तर चिंध्यांची टोपली रिकामी. विचारलं. "जुन्या झाल्या होत्या, दिल्या टाकून." माझ्या चिंध्या! न विचारता! पण भांडायला आज जोर नाही. शनिवारी वन्सं येताहेत.

व्यायामाच्या बाईंना एकटीला गाठून विचारलं, होईल का हो? त्या म्हणाल्या, "पायांत ताकद आलीय. भरपूर आलीय. का उठत नाहीत हेच मला कळत नाही." म्हणजे भीती बसलीय. भीतीला कुठली कप्पी लावू?

११ एप्रिल, शुक्रवार

सासूबाई म्हणाल्या, उद्या मला ती निळी साडी नेसव. कपाटाच्या वर त्यांची बॅग दिसते, तिच्याकडे बघवत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सगळं लिहून काढते, एकही शब्द सुटायला नको.

वन्सं सकाळीच हजर. सोबत संस्थेचं माहितीपत्रक, चकचकीत. आल्या आल्या विटा बघितल्या, फळी बघितली, तुळई बघितली. "हे घर आहे की गोदी?" नवरा दारात उभा, तो आमच्या दोघींत कधीच पडत नाही.

सासूबाई निळ्या साडीत, वरून परीचा पट्टा. मला म्हणाल्या, "तिसरी घंटा झाली का?"

"झाली," मी म्हटलं.

त्या उठल्या. जोरात कण्हत, पण उठल्या, सरळ उभ्या राहिल्या. पिशवी अलगद खाली आली. मी वन्संकडे बघितलं. टाळी वाजवतील असं वाटलं होतं का मला? कोण जाणे.

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, वर कप्पी, अंगाला पट्टा, मागे वाळू. यात आई कुठे उठली? वाळूने उठवलं तिला. ठरलं काय होतं? स्वतःच्या पायांवर."

तोंडात मारल्यासारखं झालं. कारण खरं होतं. अर्धी पिशवी होतीच ना! रागाने नव्हत्या बोलत त्या, हेच जास्त लागलं. पुढे म्हणाल्या, "तुझी कमर कायमची जाईल गं. मला तुझीही काळजी आहे. बघ, आत्ता ही पिशवी काढली तर काय होईल?"

"नका काढू! पडतील त्या!" मी ओरडले.

"काढू दे तिला," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"काढू दे म्हणते ना."

वन्संनी मखमली पडदा सारला. साडीचा पदर खोचला. वजन उचलणारे बसतात तशा पाय फाकवून बसल्या, पिशवीला दोन्ही हातांनी कवटाळलं, दम धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून उचलली.

आणि मागच्या मागे धपकन!

पिशवी उडाली, तोंड सुटलं, आणि वन्संच्या अंगावर चिंध्यांचा पाऊस! माझ्या चिंध्या! राजाच्या अंगरख्याची लाल बाही, परीच्या झग्याचे तुकडे, हिरवं अस्तर, पिवळ्या किनारी. वाळूचा एक कण नाही. वन्सं जमिनीवर, डोक्यावर सोनेरी लेस.

दोरी सैल पडून सासूबाईंच्या खांद्यावर आली. त्यांनी ती झुरळ झटकावं तशी झटकली. आणि त्या उभ्या होत्या. कशालाही न धरता. हात कमरेवर!

मग सासूबाईच म्हणाल्या, "बघत काय बसलात? खुर्ची द्या कुणीतरी तिला. वय झालं आता तिचं."

वन्सं आधी हसल्या. मग हसता हसता रडायला लागल्या, आईच्या पायांनाच मिठी मारली, तर सासूबाई ओरडल्या, "अगं सोड, आता खरंच पाडशील!" नवरा दारातच खाली बसला. मी तर भोकाडच पसरलं. लाज नाही वाटत लिहायला. इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, अहो, त्या चिंध्या?"

"रंगमंचावरचा धोंडा कापसाचा असतो, तूच म्हणालीस."

"आणि ते कण्हणं?"

"नीट कण्हलं की फसतात, हेही तूच म्हणालीस."

तेलाचा गुण म्हणे! मामांसमोर केवढी फुशारकी मारून आले होते मी!

वाळू कधी काढली, कशी काढली, काही सांगेनात. "झोप आली मला," म्हणून पांघरूण ओढून घेतलं.

वन्सं संध्याकाळी गेल्या. एकट्या गेल्या! जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "वहिनी, चिडले होते मी. आणि माझे गुडघेही हल्ली फार दुखतात गं. माझाही पलंग उंच करून देशील का?" म्हटलं, देते की, जॅक घेऊनच येते. संस्थेचं माहितीपत्रक इथेच राहिलं. त्याची घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. चांगली पाचर झाली.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी कुंड्यांना पाणी घालायला गेले. पाणी भुर्रकन आत मुरलं. बघते तर प्रत्येक कुंडीत वाळू! आमच्याच पिशवीतली, मातीत नीट कालवलेली. आणि दोन कुंड्यांना नवी पालवी.

कुंड्या खिडकीत. खिडकी पलंगापासून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. माझी दोरी तिथवर पोचत नाही.

शेजारणीवर उगाच चिडले मी. सासूबाईच ती चाकाची खुर्ची ढकलत, तिचाच आधार घेत, वाटी वाटी वाळू घेऊन —

मागे वळले. सासूबाई पलंगावर बसून माझ्याकडेच बघत होत्या.

"आई! एकट्या? पडला असतात तर?"

"काय गं," त्या म्हणाल्या, "पडद्यामागचं काम काय तुलाच येतं?"